उन्हाळा ४५चा, ऑइल कितीचं?

पत्र: माझ्याकडे पेट्रोलवरची गाडी आहे. छोटं टर्बो इंजिन, वय पाच वर्षं, रनिंग साधारण ९० हजार किलोमीटर. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ऑइल लिहिलं आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते. नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, या उन्हात ५डब्ल्यू-३०चं पाणी होतं, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन शांत चालेल. मेहुण्याचं म्हणणं, दाट ऑइलचे दिवस गेले, फुल सिंथेटिक ०डब्ल्यू-२० टाक, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल. दोघंही जाणते आहेत आणि मला दोघांनाही दुखवायचं नाही. नेमकं काय घालू? उरलेलं ऑइल मोटारसायकलला चालेल का? ती एअर-कूल्ड आहे. आणि हो, मागच्या उन्हाळ्यात एसी लावून घाट चढताना टेंपरेचरचा काटा एक-दोनदा वर गेला होता, पण नंतर आपोआप खाली आला.
— एक वाचक

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग कारणं. २०डब्ल्यू-५० घालू नका. ०डब्ल्यू-२० पण नको. मॅन्युअलमध्ये आहे तेच ५डब्ल्यू-३० चांगल्या सिंथेटिकमध्ये घ्या. मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-४०ला जागा दिली असेल, तर उन्हाळ्यापुरतं ते घ्यायला माझी हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नका. घाटात काटा वर गेला ते मात्र ऑइलचं दुखणं नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला तीच वाटली, आणि तुम्ही ती जाता जाता, अगदी शेवटी लिहिली आहे.

मेकॅनिकचं म्हणणं ऐकायला पटतं. ऊन जास्त, म्हणजे ऑइल जास्त पातळ होणार, म्हणून आधीच दाट घालावं. यात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे, ती म्हणजे बाहेरचे ४५ अंश थेट ऑइलपर्यंत पोचतात. कूलंटवर थंड होणाऱ्या इंजिनात तसं होत नाही, कारण मध्ये थर्मोस्टॅट बसलेला असतो. इंजिन गार असताना तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊच देत नाही. साधारण ८५ ते ९५ अंशांच्या पट्ट्यात तो उघडतो आणि पुढे तेच तापमान राखत राहतो. बाहेर १५ अंश असोत की ४५, आतलं कूलंट त्याच पट्ट्यात फिरतं. ऑइल त्याच्या थोडं वर असतं. रोजच्या चालण्यात ऑइल पॅनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ९० ते ११० अंश धरा. म्हणजे दुपारच्या उन्हात ऑफिसला जाताना तुमचं ऑइल थंडीतल्यापेक्षा ३० अंशांनी जास्त तापलेलं नसतं. फरक असतो तो थोडक्या अंशांचा.

दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी तर या हिशेबात येतच नाही. बॉनेटखाली ६०-७० अंश झाले तरी चालू इंजिनातल्या ऑइलच्या मानाने ते गारच. आतल्या सीटा आणि स्टिअरिंग तापतं म्हणून आपल्याला वाटतं इंजिनही होरपळत असेल. इंजिनाला त्याचं काही नाही.

मग उन्हाचा परिणाम होतच नाही का? होतो, पण दुसऱ्या वाटेने. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ आणि हवा २५ असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ झाली की फरक उरतो ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता टाकायची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली. त्यात एसी चालू असेल तर त्याचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा ४५चीही नसते, आधीच तापून आलेली असते. सपाट रस्त्यावर हे सगळं खपून जातं, कारण गाडी बनवणाऱ्यांनी पुरेशी शिल्लक ठेवलेली असते. घाट, भरलेली गाडी, दुसरा-तिसरा गिअर, एसी आणि भर दुपार असं एकत्र आलं की ती शिल्लक संपते. अशा वेळी ऑइल १२०, कधी १३० अंशांपर्यंतही जाऊ शकतं. दाट ऑइलचा मुद्दा खरा ठरायचाच, तर तो या तासाभरापुरता खरा ठरतो.

किती दाट ऑइल लागेल, हे समजून घ्यायला डब्यावरचे आकडे उलगडावे लागतील. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने ऑइलची दाटपणानुसार पहिली वर्गवारी केली १९११ मध्ये. आज वापरात असलेल्या त्यांच्या मानकाला जे३०० म्हणतात. डब्यावरचे दोन आकडे वेगवेगळ्या परीक्षांचे गुण आहेत. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा हिवाळ्याचा. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांवर इंजिन फिरवण्याच्या चाचणीत ऑइल पास झालं, २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ अंशांवर. तुमच्या हवेत या दोन्ही परीक्षा कधी होणारच नाहीत. तरीही अलीकडचा आकडा कमी असल्याने तोटा नाही, कारण ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० या दोघांना १०० अंशांवर एकाच मर्यादेत राहावं लागतं. 'पाच आहे म्हणजे पातळ' हा समज डोक्यातून काढून टाका.

डब्ल्यूच्या पलीकडचा आकडा तुमच्या कामाचा. ऑइल १०० अंशांवर असताना त्याचा दाटपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. २० ग्रेडला ६.९ ते ९.३, ३०ला ९.३ ते १२.५, ४०ला १२.५ ते १६.३ आणि ५०ला १६.३ ते २१.९ अशा हद्दी ठरलेल्या आहेत. साध्या तापमानाचं पाणी याच मापात जेमतेम १ भरतं. त्यामुळे पूर्ण तापलेलं ५डब्ल्यू-३० सुद्धा पाण्याच्या दहापट दाट असतं. मेकॅनिकना हे सांगताना जरा सबुरीने सांगा. डिपस्टिकवरून ओघळणारं गरम ऑइल डोळ्याला खरंच पाण्यासारखं दिसतं, आणि बोटांत चोळून 'यात दम राहिला नाही' म्हणायची सवय फार जुनी आहे. बोटांना ते मोजता येत नाही, एवढंच.

आता सकाळचं चित्र बघा. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांवर साधारण ६०-६५ सेंटीस्टोक असतं आणि १०० अंशांवर १०-११. म्हणजे तुमच्याकडच्या तापलेल्या सकाळीही किल्ली फिरवता त्या क्षणी ऑइल कामाच्या दाटपणापेक्षा सहापट दाट असतं. ऑइल गार असताना पातळ आणि गरम झाल्यावर दाट असं कधीच नसतं. ते तापत जाईल तसं पातळच होत जातं, दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये, म्हणजे मल्टिग्रेडमध्ये, फक्त त्याचा वेग कमी केलेला असतो. २०डब्ल्यू-५० याच ४० अंशांवर १५०च्या पुढे जातं. छोट्या टर्बो इंजिनाच्या पंपाला रोज सकाळी हे ओढून टर्बोच्या बेअरिंगपर्यंत न्यावं लागणार. इंजिनाची बरीचशी झीज सुरुवातीच्या त्या गार मिनिटांतच होते, आणि आपण नेमकी तीच अवघड करून ठेवतो.

मला या प्रकरणात सगळ्यात उपयोगाचा वाटणारा हिशेब पुढचा. नेहमीचं १५डब्ल्यू-४० घ्या. १०० अंशांवर ते १४ सेंटीस्टोकच्या आसपास असतं. तेच ११५ अंशांवर गेलं की साडेदहाच्या जवळ येतं, म्हणजे १०० अंशांवरच्या ३० ग्रेडइतकं. थोडक्यात, ऑइलचं तापमान १० ते १५ अंशांनी वाढलं की एक ग्रेड गेली असं समजायला हरकत नाही. याचा अर्थ असा की ज्यांची गाडी उन्हाळाभर रोज घाट चढते, ओझं ओढते, तासन् तास जोरात पळते, त्यांचं ऑइल खरोखर सतत १५ अंश जास्त तापत असेल, तर ३०च्या जागी ४० घातल्यावर बेअरिंगला मिळणारी ऑइलची पातळशी चादर पूर्वीइतकीच राहते. एक पायरी वर जाण्यामागे हे गणित आहे आणि ते बरोबर आहे. दोन पायऱ्यांसाठी ऑइल ३० अंशांनी जास्त तापायला हवं. रोजच्या वापरात तसं होत असेल, तर इंजिनात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते ऑइलने झाकायचं नाही.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती डब्याच्या पुढच्या बाजूला लिहिलेली नसते. बेअरिंगच्या आत ऑइल नुसतं तापत नाही, दोन पृष्ठभागांच्या मध्ये प्रचंड वेगाने ओढलं, कातरलं जातं. मल्टिग्रेड ऑइलमध्ये दाटपणा टिकवायला लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. कातरण जोरात झालं की या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि ऑइल तेवढ्यापुरतं पातळ वागतं. काही साखळ्या कायमच्या तुटतात. म्हणून १५० अंशांवर, जोरदार कातरणात दाटपणा किती उरतो याची वेगळी चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. तिथलं एकक वेगळं आहे, त्यात २० ग्रेडला किमान २.६ लागतात, ३०ला २.९, ५डब्ल्यू-४०ला ३.५ आणि १५डब्ल्यू-४०ला ३.७. आता गंमत बघा, २०डब्ल्यू-५०लाही किमान ३.७च लागतात. प्रत्यक्षातलं २०डब्ल्यू-५० बहुतेकदा याच्या बरंच वर असतं हे खरं, पण मानक त्याला ४०पेक्षा जास्त संरक्षणाची सक्ती करत नाही.

याच चाचणीत ३० ग्रेडची दोन घराणी वेगळी होतात. एक २.९च्या जवळपासचं, इंधन वाचवणारं. दुसरं ३.५च्या वरचं, ज्यावर युरोपातल्या वाहननिर्मात्यांच्या एसीईए मानकाचं ए३/बी४ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात ५डब्ल्यू-३०च लिहिलेलं, पण घाटात दोघांचं वागणं सारखं नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये ए३/बी४ किंवा सी३ मागितलं असेल, तर तुमच्या हातात आधीच उन्हाळ्याला पुरेसं ऑइल आहे, ४०चा विचारही करायला नको. आणि मॅन्युअलने सी-मालिकेतलं मागितलं असेल, तर दाट मिळतं म्हणून ए३/बी४कडे वळू नका. सी-मालिका कमी राखेची असते, एग्झॉस्टमधल्या फिल्टरसाठी.

आता २०डब्ल्यू-५०ने तुमच्या इंजिनात काय होईल ते सांगतो. इंजिन पहिल्या दिवशी शांत वाटेल, हे मेकॅनिक खरंच सांगत आहेत. दाट ऑइल टॅपेटचा आवाज दाबतं. ऑइल प्रेशरही वाढलेलं दिसेल. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. वाटेत अडथळा जास्त, म्हणून प्रेशर जास्त. ते हद्दीबाहेर गेलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने ओढलेलं ऑइल बेअरिंगकडे न जाता परत पॅनमध्ये पडतं. जे जातं तेही स्वतःच्या दाटपणामुळे आतल्या आत घासून जास्त तापतं, त्यामुळे गार ठेवण्यासाठी घातलेलं ऑइल स्वतःच उष्णता तयार करतं. तुमच्या इंजिनात बहुधा व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा असेल. ती ऑइलच्या दाबावर, बारीक भोकांतून चालते आणि तिला ठरावीक दाटपणाचा अंदाज धरून बसवलेलं असतं. चेनचा टेन्शनर हायड्रॉलिक असेल तर तोही त्याच ऑइलवर. पिस्टनला खालून ऑइलची पिचकारी मारून गार ठेवणारी बारीक जेटही असू शकतात. यातलं काहीही एका दिवसात बिघडत नाही, म्हणून दोष ऑइलवर कुणी टाकत नाही.

शिवाय बाजारातलं २०डब्ल्यू-५० बहुतेकदा मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं, असतं आणि जुन्या इंजिनांना धरून बनवलेलं असतं. छोट्या, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना एक नवा आजार जडला. कमी आरपीएमवर जोर मागितला की मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला दणका बसतो. ऑइलमधल्या रसायनांचा त्यात हात असतो असं लक्षात आल्यावर २०२० मध्ये आलेल्या, एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या एसपी या दर्जात त्याची चाचणी घातली गेली, टायमिंग चेनच्या झिजेचीही घातली. ग्रेड पाहताना हा दर्जा विसरू नका. डब्यावर आकडा बरोबर आणि दर्जा तीन पिढ्या जुना, असं ऑइल टर्बोला घालण्यात अर्थ नाही.

२०डब्ल्यू-५० वाईट ऑइल नाही, हे मात्र लिहून ठेवतो. जुन्या घडणीच्या, ढिल्या फटींच्या, एअर-कूल्ड इंजिनांना ते शोभतं आणि त्यांच्या मॅन्युअलमध्ये ते असतंही. तुमच्या मेकॅनिकचा सल्ला त्या घराण्यातला आहे. सिंगल ग्रेडच्या काळात तर उन्हाळ्यात दाट आणि हिवाळ्यात पातळ ऑइल घालणं हाच शहाणपणा होता, कारण एकच ऑइल दोन्हीकडे पुरत नसे. मल्टिग्रेड रुळली तशी ती अडचण संपली, सल्ला तेवढा मागे राहिला.

मेहुण्यांकडे वळू. सिंथेटिकबद्दल ते बरोबर आहेत. उष्ण हवेत सिंथेटिकचा फायदा ग्रेडपेक्षा जास्त दिसतो. ते कमी जळतं, कमी उडून जातं, आणि दाटपणा टिकवायला त्याला पॉलिमरही कमी लागतात. उडून जाण्याची चाचणी २५० अंशांवर तासभर ठेवून घेतात. साध्या दर्जात १५ टक्क्यांपर्यंत घट चालते, ए३/बी४ आणि सी३मध्ये १३ टक्क्यांपर्यंत. टर्बोच्या गरम टोकाशी काम करणाऱ्या ऑइलसाठी हा आकडा महत्त्वाचा.

०डब्ल्यू-२०बद्दल मात्र ते घाई करताहेत. २० ग्रेड आली ती इंधन वाचवण्याच्या आणि धूर कमी करण्याच्या नियमांच्या रेट्याने. ज्या इंजिनांसाठी ती सांगितली आहे, त्यांचे पंप, बेअरिंग आणि फटी तिच्या हिशेबाने केलेल्या असतात, आणि ती इंजिनं गरम प्रदेशातही नीट चालतात. तेव्हा ज्यांच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० आहे, त्यांनी हे उत्तर वाचून घाबरू नये. पण तुमच्या मॅन्युअलमध्ये ती नसेल, तर घाटात १२० अंशांवर तुमच्या बेअरिंगला जी चादर उरेल ती कुणी तपासलेली नाही. वाचणारं पेट्रोल दीड-दोन टक्क्यांच्या घरात. पिकअप तर अंदाजाने मोजायची गोष्ट नाही.

मॅन्युअल उघडा आणि ऑइलच्या पानावर तापमानाचा तक्ता आहे का पाहा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये आडव्या पट्ट्या असतात, खाली बाहेरचं तापमान आणि प्रत्येक पट्टीवर एक ग्रेड. तुम्हाला उजवं टोक बघायचं आहे. पट्टी ४०च्या पुढे बाणाने उघडी सोडली असेल, तर ती ग्रेड तुमच्या उन्हाळ्याला मान्य आहे. एकच इंजिन वेगवेगळ्या देशांत विकताना कंपन्या वेगवेगळ्या ग्रेड सांगतात, कारण तिथले इंधनाचे नियम आणि हवा वेगळी असते. म्हणून इंटरनेटवर सापडलेलं परक्या देशातलं मॅन्युअल नको, तुमच्या गाडीसोबत आलेलं हवं. ५डब्ल्यू-४० पट्टीत असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात वारंवार घाट चढत असाल, तर तेच घ्या. फक्त गावात फिरत असाल, तर ३० पुरे. वॉरंटी शिल्लक असेल, तर तक्त्याबाहेर एक पाऊलही टाकू नका.

९० हजार किलोमीटर झाले म्हणून दाट घाला, असंही कुणी सांगेल. किलोमीटर हे कारण होत नाही. ऑइल खातंय का ते बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पातळी लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. फारशी हलली नसेल, तर तुमचं इंजिन म्हातारं झालेलं नाही. पातळी उलट वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंय. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांत हे होतं आणि त्याने ३०चं ऑइल गुपचूप २०चं होऊन बसतं. तिथे उपाय दाट ऑइल नव्हे, लवकर बदलणं.

आणि आता तो काटा. मीटरवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो. तापमान बरंच इकडेतिकडे झालं तरी हलत नाही. असा काटा डोळ्यादेखत वर गेला, याचा अर्थ कूलंट खरोखर हद्दीपाशी पोचलं होतं. यावर घट्ट ऑइल घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मध्ये धूळ, किडे, सुकलेला पाला अडकतो आणि तो समोरून दिसत नाही. ते आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. एसी लावल्यावर पंखा लगेच आणि पूर्ण वेगाने फिरतो का, ते कानाने ऐका. रेडिएटरची किंवा टाकीची कॅप तपासायला सांगा. ती साधं झाकण नसून दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि तिचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत जाते. कॅप गरम असताना उघडू नका, चेहऱ्यावर वाफ येते. कूलंटमध्ये गेल्या काही वर्षांत नुसतं पाणी भरलं गेलं असेल, तर सगळं काढून मॅन्युअलमधल्या प्रमाणात नवं भरा. नुसतं पाणी उष्णता चांगली वाहतं, पण गंज थांबवत नाही, आणि गंजाचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. शेवटी थर्मोस्टॅट. अर्धवट उघडून अडकणारा थर्मोस्टॅट सपाट रस्त्यावर सापडत नाही, घाटातच सापडतो.

हे सगळं होईपर्यंत घाटात काटा वर सरकला, तर एसी बंद करा, जोर कमी करा, खालच्या गिअरला या म्हणजे कूलंटचा पंप जरा जोरात फिरेल. तरीही चढत राहिला तर थांबा. घाट चढून आल्याआल्या किल्ली फिरवून बंद करू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. टर्बोमधून गेलेला एग्झॉस्ट ९०० अंशांच्या आसपास असू शकतो. ऑइलचा प्रवाह एकदम थांबला की बेअरिंगपाशी अडकलेलं ऑइल तिथेच करपतं.

ऑइल बदलण्याचं अंतर कमी करा, हा माझा आग्रह आहे आणि ग्रेडच्या वादापेक्षा तो जास्त कामाचा आहे. ऑइलचं ऑक्सिडेशन दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने होतं. मॅन्युअलमध्ये सर्व्हिसिंगचे दोन तक्ते असतील, एक नेहमीच्या वापराचा आणि एक खडतर वापराचा. कडक ऊन, धूळ, ट्रॅफिकमध्ये रखडणं, चढ, छोट्या फेऱ्या हे सगळं खडतरमध्ये येतं. आपण सगळे स्वतःला पहिल्या तक्त्यात बसवतो. तुम्ही दुसऱ्यात बसता. ऑइल काळं झालं म्हणून मात्र बदलू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

मोटारसायकलचं उत्तर 'नाही'. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहूनच घ्या. गिअरचे दातही पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, त्यामुळे मोटारसायकलमधलं ऑइल कारपेक्षा लवकर पातळ होतं. आणि तुमच्या मेकॅनिकचं तत्त्व कुठे लागू होत असेल तर ते इथे. एअर-कूल्ड इंजिनात थर्मोस्टॅट नाही, रेडिएटर नाही, इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून (फिन्सवरून) जाणारी हवाच काय ते गार करते. बाहेर ४५ अंश असताना सिग्नलला उभी राहिलेली मोटारसायकल खरोखर जास्त तापते आणि तिचं ऑइल खरोखर जास्त पातळ होतं. तिच्या मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिल्या असतील, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-४०, तर उन्हाळ्यात दाट बाजूची घ्या. मेकॅनिकना तेवढं त्यांचं म्हणणं ऐकल्याचं समाधान द्या.

कारचं उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा आणि कारलाच टॉप-अपला वापरा. वाटेत कधी पातळी किमान खुणेखाली गेलेली दिसली आणि ५डब्ल्यू-३० मिळालंच नाही, तर त्याच दर्जाचं ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० अर्धा लिटर घालून घरी या. कमी ऑइलवर गाडी पळवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. ऑइलचा लाल दिवा मात्र लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पुढचा पेट्रोल पंप दिसत असला तरी.